ड्युअल बूट

ड्युअल बूट ही एकाच संगणकावर दोन संचालन प्रणाली बसवून संगणक सुरू करताना त्यांपैकी हवी ती निवडण्याची व्यवस्था होय. बहुधा विंडोजच्या जोडीला लिनक्सचे एखादे वितरण बसवले जाते. एका वेळी एकच प्रणाली चालते. दुसरीत जाण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. लिनक्स बसवताना डेस्कटॉपची निवड आणि डिस्कची विभागणी असे दोन प्रमुख निर्णय घ्यावे लागतात. पहिला केव्हाही बदलता येतो. दुसऱ्यात चूक झाल्यास साठवलेली माहिती कायमची नष्ट होऊ शकते.

गरज

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक आवश्यक मानला जात असल्याने अनेक जुने, परंतु सुस्थितीतील संगणक त्या प्रणालीसाठी अपात्र ठरतात. अशा संगणकांवर लिनक्स वापरता येते. तथापि विंडोज पूर्णपणे काढून टाकणे प्रत्येकाला शक्य नसते. उदाहरणार्थ, श्रीलिपीसारख्या मराठी टंकलेखनाच्या आज्ञावली विंडोजवर चालतात आणि युनिकोडपूर्व टंकांतील जुना मजकूर दुरुस्त करण्यासाठी त्यांची गरज पडते. केवळ अशा कामासाठी ठेवलेली कालबाह्य विंडोज शक्यतो आंतरजालाला न जोडणे सुरक्षित असते.

डेस्कटॉपची निवड

लिनक्स हे मूलतः प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे नाव आहे. खिडक्या, मेनू, फोल्डर इत्यादी पडद्यावर मांडणाऱ्या आज्ञावलींच्या संचाला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. त्यांतील प्रमुख संच पुढीलप्रमाणे :

- केडीई प्लाझ्मा : माथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून विकसित. मांडणी विंडोजशी मिळतीजुळती असून ती हवी तशी बदलता येते.
- ग्नोम : मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. उबुंटू व फेडोरा यांच्या मुख्य आवृत्त्यांत हाच असतो.
- सिनॅमन व मेट : २०११ मध्ये ग्नोम ३ ने आपली मांडणी आमूलाग्र बदलली. परिचित पद्धत हवी असलेल्यांसाठी हे दोन पर्याय पुढे आले. लिनक्स मिंटमध्ये दोन्ही उपलब्ध आहेत.
- एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी : कमी रॅम असलेल्या जुन्या संगणकांना सोयीचे.

पेनड्राइव्हवरील ‘लाइव्ह’ आवृत्तीतून काहीही न बसवता डेस्कटॉप पाहता येतो. वाय-फाय, ध्वनी व मुद्रक चालतात की नाही, हेही त्याच वेळी तपासावे. एकाच लिनक्सवर एकाहून अधिक डेस्कटॉप बसवता येतात आणि प्रवेशाच्या पडद्यावर हवा तो निवडता येतो. मराठी टंकलेखनासाठी आयबस या आज्ञावलीतून इनस्क्रिप्ट अथवा ध्वन्याधारित कळफलक घेता येतो. ग्नोममध्ये आयबसची सोय अंगभूत असते. इतरत्र ती वेगळी सुरू करावी लागू शकते.

डिस्कची विभागणी

आरंभीच महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. त्याच संगणकाच्या दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रत पुरेशी नसते, कारण चुकीने संपूर्ण डिस्क पुसली गेल्यास दोन्ही प्रती जातात.

सर्वसाधारणपणे आधी विंडोज व नंतर लिनक्स असा क्रम पाळला जातो. विंडोजचा विभाग तिच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून लहान करून जागा मोकळी केली जाते. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने, म्हणजे दोन्ही यूईएफआय किंवा दोन्ही जुन्या बायोस पद्धतीने बसवाव्यात. लिनक्स बसवताना ‘विंडोजच्या सोबत’ अशा अर्थाचा पर्याय घ्यावा. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय घेतल्यास विंडोजही नाहीशी होते.

नेहमीच्या अडचणी

- बिटलॉकर : अनेक संगणकांवर डिस्क कूटबद्ध असते. बूटच्या व्यवस्थेत बदल होताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच लिहून ठेवली नसल्यास फायली उघडत नाहीत.
- फास्ट स्टार्टअप : ही सोय चालू असल्यास विंडोज पूर्ण बंद होत नाही. त्या स्थितीत लिनक्समधून तिच्या विभागात लेखन झाल्यास फायली बिघडू शकतात; म्हणून ती बंद ठेवावी.
- घड्याळ : संगणकातील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ, तर लिनक्स जागतिक समन्वित वेळ धरते. त्यामुळे भारतात लिनक्सनंतर विंडोज सुरू केल्यास वेळ साडेपाच तास मागे दिसू शकते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्यास सांगितल्यास हा फरक नाहीसा होतो.
- निवडीच्या यादीत विंडोज नसणे : ग्रब या बूटलोडरच्या २.०६ या आवृत्तीपासून (२०२१) इतर प्रणालींचा आपोआप शोध मूलतः बंद असतो. तो चालू करून यादी पुन्हा तयार करावी लागते.
- अद्यतने : ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अद्यतनानंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या काही संगणकांवर लिनक्स सुरू होईना. त्यामुळे लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह जपून ठेवणे हितावह असते.

लिनक्स काढून टाकणे

ग्रबच्या आवश्यक फायली लिनक्सच्या विभागात असतात. तो विभाग थेट पुसल्यास संगणक सुरू होताना ग्रबच्या काळ्या पडद्यावरच थांबू शकतो. म्हणून यूईएफआयच्या बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ प्रथम आणावा, विंडोज सुरू होते याची खात्री करावी आणि त्यानंतरच लिनक्सचा विभाग पुसावा.