बेथलेम : एका मनोरुग्णालयाची वास्तू

युरोपातील सर्वांत जुन्या मनोरुग्णालयांपैकी एक असलेले लंडनचे बेथलेम १२४७ मध्ये बिशप्सगेट वेशीबाहेर मठ म्हणून सुरू झाले. निराधारांना आसरा देता देता तिथे मनोरुग्णही ठेवले जाऊ लागले. १४०३ च्या तपासणीत असे सहा पुरुष आढळले. सामानाच्या यादीत साखळ्या, कुलपे आणि हातकड्या होत्या.

१५६९ मध्ये बेथलेमच्या जमिनीवर शहराने दफनभूमी केली. क्रॉसरेल या भुयारी रेल्वेसाठी २०१५ मध्ये लिव्हरपूल स्ट्रीटजवळ तिचे उत्खनन झाले आणि तीन हजारांहून अधिक सांगाडे मिळाले. हे सारे इस्पितळातले रुग्ण, असा समज सहज होतो, पण ज्यांना आपल्या चर्चच्या आवारात जागा मिळत नसे असे सामान्य लंडनकर इथे पुरले जात. काहींच्या दातांत प्लेगच्या जंतूचा डीएनए सापडला.

जुनी इमारत मोडकळीस आल्यावर १६७६ मध्ये मूरफील्ड्सला नवी उभी राहिली. तिचा रचनाकार रॉबर्ट हूक, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ‘पेशी’ पाहणारा शास्त्रज्ञ. सुमारे ५४० फूट लांबीची ही वास्तू रुंदीला मात्र अगदी कमी होती. एका अंगाला कोठड्यांची रांग, दुसऱ्या अंगाला लांबच लांब सज्जा; हवा-उजेड खेळता राहावा, हा हेतू. कल्पना चांगलीच होती, पण राजवाड्यासारखा दर्शनी भाग दात्यांच्या नजरेसाठी होता. तो झाकला जाऊ नये म्हणून समोरची भिंत ८ फुटांवर थांबवली; रुग्णांना फिरायला दोन्ही टोकांची अंगणे दिली आणि त्यांच्या भिंती १४ फूट केल्या. फाटकावर शिल्पकार सिबरने घडवलेले दोन वेड्यांचे पुतळे बसवले. पैसे देऊन रुग्णांना ‘पाहायला’ येणाऱ्यांची गर्दी १७७० पर्यंत चालू होती.

एवढ्या थाटाखाली पाया कच्चा होता. शहराचा जुना खंदक बुजवलेल्या भरावावर भिंती उभ्या होत्या. त्या खचल्या, तडकल्या आणि १८०० च्या सुमारास इमारत धोकादायक ठरली. दिखाव्याला दिलेले महत्त्व रुग्णांनाच भोवले, असेच म्हणावे लागते. १८१४ मध्ये तिथे जेम्स नॉरिस हा रुग्ण कित्येक वर्षे लोखंडी पट्ट्यांत जखडलेला आढळला. संसदीय चौकशीत हे प्रकरण गाजले.

१८१५ मध्ये रुग्णालय सदर्कला गेले, १९३० मध्ये बेकनहॅमला. सदर्कच्या इमारतीचे पंख पाडण्यात आले; उरलेल्या मधल्या भागात १९३६ पासून इम्पीरियल वॉर म्युझियम आहे. सिबरचे पुतळे बेकनहॅमच्या संग्रहालयात पाहता येतात.