एकच द्राक्ष, दोन वाइन : बारोलोतील शैलीचा वाद

रेड वाइनची चव द्राक्षाची जात, जमीन आणि हवामान यांवर ठरते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते खरेच आहे; पण वाइन बनवणाऱ्याचा हातही तिच्यात तितकाच उतरतो. एकाच फडातला ऊस असला तरी गुळव्यागणिक गूळ निराळा उतरतो, तसेच हे आहे. वायव्य इटलीच्या पिडमाँट प्रांतातील बारोलो ही वाइन याचे अतिशय बोलके उदाहरण होय.

बारोलो बनवणाऱ्याला द्राक्ष निवडण्याची मुभा नाही. आल्बा शहराजवळच्या अकरा गावांच्या ठरावीक परिसरात पिकलेले नेब्बिओलो हे एकच द्राक्ष तिच्यासाठी चालते. १९८० मध्ये तिला इटलीतील सर्वोच्च नियंत्रित दर्जा मिळाला. नियमानुसार ती किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यांपैकी १८ महिने तरी लाकडी पिंपात. एवढी बंधने असूनही एकाच टेकडीवरच्या दोन शेजाऱ्यांच्या वाइन ओळखू येणार नाहीत इतक्या वेगळ्या असू शकतात. हा फरक प्रामुख्याने दोन निर्णयांतून येतो : रस सालींसोबत किती दिवस ठेवायचा आणि वाइन कोणत्या पिंपात मुरवायची.

साल आणि रस

रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या गरातून नव्हे, तर मुख्यतः साली आणि बियांतून येतो. रस आंबू लागला की सालींतील रंगद्रव्ये पहिल्या काही दिवसांतच उतरतात. तुरटपणा देणारी टॅनिन ही द्रव्ये, विशेषतः बियांतील, मद्यार्क वाढत जाईल तशी सावकाश उतरतात. चहाची पत्ती जास्त वेळ उकळली की जिभेला जो तुरटपणा जाणवतो, त्याच जातीचा हा तुरटपणा.

नेब्बिओलो हे मुळातच फिकट रंगाचे, पण टॅनिन आणि आम्लता भरपूर असलेले द्राक्ष. जुन्या पद्धतीत रस सालींसोबत महिना-दीड महिना, कधी त्याहूनही अधिक काळ ठेवत. अशी वाइन तरुणपणी कठोर लागे. ती मऊ होण्यासाठी दहा-पंधरा वर्षे वाट पाहावी लागे. १९८० च्या दशकात नव्या पिढीने हा काळ एकदम काही दिवसांवर आणला. त्यासाठी काहींनी आडवी फिरणारी पोलादी पिंपे वापरली. त्यामुळे रंग भराभर उतरतो आणि बियांचा तुरटपणा बेताचा राहतो.

पिंपाचा आकार

दुसरा निर्णय लाकडाचा. पारंपरिक पिंपे काही हजार लिटरची असत आणि अनेक दशके वापरात राहत. एवढ्या मोठ्या आणि जुन्या पिंपात वाइनला लाकडाचा वास जवळजवळ लागत नाही. हवा अगदी मंद गतीने मिळून ती मुरते. नव्या पिढीने फ्रेंच पद्धतीचे २२५ लिटरचे ओकचे पिंप आणले. पिंप लहान असल्याने दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श अधिक. नवे लाकूड व्हॅनिला आणि भाजक्या मसाल्यासारखा गंध देते, हवा अधिक मिळते, रंग स्थिरावतो. वाइन लवकर पिण्याजोगी होते. मात्र हात सैल सुटला तर ओकच्या गंधाखाली द्राक्षाचा स्वतःचा गंध झाकला जातो.

घरात शिरलेला वाद

हा वाद केवळ तंत्राचा राहिला नाही. ला मोर्रा गावचे एलिओ अल्तारे १९७६ मध्ये फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात जाऊन आले आणि तिथल्या वाइनउत्पादकांची समृद्धी पाहून अस्वस्थ झाले. १९८३ मध्ये त्यांनी घरातील जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून टाकली. संतापलेल्या वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळले. कमी पण कसदार पीक यावे म्हणून अल्तारे आणि त्यांचे सहकारी वेलीवरचे हिरवे घड छाटून जमिनीवर टाकत. गरिबी भोगलेल्या आधीच्या पिढीला ही उघड नासाडी वाटे.

दुसऱ्या बाजूला बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो ठामपणे उभे होते. नवा प्रघात एकेका मळ्याच्या नावाने वाइन बाटलीत भरण्याचा असताना, त्यांनी आपल्या वेगवेगळ्या मळ्यांतील द्राक्षे एकत्र करून एकच बारोलो बनवण्याची जुनी रीत सोडली नाही. ‘ना लहान पिंप, ना बर्लुस्कोनी’ अशा अर्थाचे त्यांनी स्वतः रंगवलेले लेबल गाजले. लहान पिंपे आणि इटलीचे राजकारणी सिल्व्हिओ बर्लुस्कोनी, दोन्ही त्यांना सारखेच नापसंत. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले; त्यांच्या कन्या मारिया तेरेसा यांनी तीच पद्धत पुढे चालवली.

पेल्यात काय ओळखावे?

आज हा वाद बराच निवळला आहे. नव्या वळणाच्या अनेकांनी नव्या ओकचा वापर कमी केला, मोठी पिंपे पुन्हा आणली. परंपरावाद्यांनी स्वच्छता आणि तापमान नियंत्रणाचे महत्त्व स्वीकारले. तरीही कल ओळखता येतात. रंग फिकट, विटकरी छटेकडे झुकणारा, वास गुलाबाचा आणि डांबराचा, तुरटपणा ठसठशीत असेल, तर वळण बहुधा जुने. रंग गडद, गंधात व्हॅनिला आणि पोत मऊ असेल, तर नवे. बाटलीवर यातले काही लिहिलेले नसते. बनवणाऱ्याचे नाव हीच खूण. म्हणूनच जाणकार ‘बारोलो द्या’ म्हणण्याआधी ‘कोणाची?’ असे विचारतात.

अर्थात, शैलीलाही मर्यादा आहेत. न पिकलेल्या द्राक्षातून कोणतेही पिंप उत्तम वाइन काढू शकत नाही. द्राक्षात जे आहे, त्यातले किती आणि कधी समोर आणायचे, एवढेच बनवणाऱ्याच्या हाती असते. मात्र तेवढ्याने एका घरात बाप-लेकाची ताटातूट होऊ शकते, हे अल्तारे यांच्या करवतीने दाखवून दिले.