प्रॉक्झिमा बी : आपत्तीपूर्वीचे अकरा तास

प्रॉक्झिमा सेंटॉरी हा सूर्याला सर्वांत जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा. त्याला ११.२ दिवसांत फेरी घालणारा प्रॉक्झिमा बी हा ग्रह २०१६ साली सापडला. तारा लहान, तांबडा आणि तापट. १ मे २०१९ रोजी अतिनील प्रकाशात तो काही सेकंदांत सुमारे १४ हजार पट उजळला होता. हे सगळे खरे. पुढची खानदेशी वसाहत आणि तिच्यातल्या दोघी मात्र माझ्या कल्पनेतल्या. एक जळगावची, केळीची रोपे वाढवणारी. दुसरी धुळ्याची, पांझरेकाठच्या फडांना पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यांच्या घरातली.

सकाळी ६.००
ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असते. इथे दिवस मावळत नाही, म्हणून घड्याळ जळगावचे चालते. धुळ्याची पाळीवर निघाली आहे. कचेरीच्या वहीत आदल्या दिवशीच लिहिले गेले आहे : जवळचा पाट. “दूरना बांध गळी ऱ्हायना. पहिले तथा जास,” ती दारात सांगते. जळगावची तिच्या हाती कळण्याची भाकरी बांधून देते. बेत बदलल्याचे या दोघींशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

सकाळी ९.३०
आश्रयाच्या तळघरांची यादी वाचली जाते. एका कुटुंबाला एक तळघर. या दोघींना मात्र दोन वेगळी. नियमपुस्तक पृथ्वीवरून आणलेले आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला, त्या काळातला ‘कुटुंब’ हा रकाना इथे जसाच्या तसा उतरला. यादीत त्या एकमेकींच्या ‘शेजारी’ आहेत. धुळ्याचीच्या नावापुढे जवळचा नातलग म्हणून तिचा भाऊ आहे, मुक्काम धुळे.

दुपारी १२.१०
ताऱ्यावर लहानसा उद्रेक होतो. असे होतच असते. कामे थांबत नाहीत. जळगावची काचघराचे पडदे ओढते. इथल्या पहिल्या केळीला पाणी सोडायला धुळ्याची आली होती. वाफे भरले, पाणी बंद झाले, तरी ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी पाळी नसताना आली. मग दोघींनी एकच चूल मांडली.

दुपारी ४.००
मोठा उद्रेक. ग्रह ताऱ्यापासून जेमतेम ७३ लाख किलोमीटरवर. प्रकाश २४ सेकंदांत पोहोचतो. त्यामुळे उद्रेक दिसतो तेव्हा त्याचा पहिला तडाखा बसून गेलेला असतो. बिनतारी संपर्क तुटतो. दूरच्या बांधावर धुळ्याचीची गाडी बंद पडते. मागून भारित कणांचा ढग सेकंदाला १,५०० किलोमीटर वेगाने निघाला आहे. हातात ऐंशी मिनिटे.

४.१८
शिरगणतीत एक कमी. लेसरच्या दुव्यावरून नातलगाला निरोप जातो. तो धुळ्यात पोहोचायला सव्वाचार वर्षे लागतील. शोधपथक वहीप्रमाणे जवळच्या पाटाकडे निघते. दूरचा बांध कचेरीपासून वीस मिनिटांवर आहे.

४.२४
जळगावची तळघरातून तारेच्या फोनवर विचारते, “ती आली का?”
“तुम्ही त्यांच्या कोण?”
“आम्ही एकत्र राहतो.”
“ताई, माहिती फक्त नातलगांना देता येते. लाइन मोकळी ठेवा.”
बांधाचे सांगण्याआधीच फोन बंद होतो.

४.३९
दुसऱ्यांदा फोन. पुन्हा तोच प्रश्न. ती दारावरच्या पहारेकऱ्याला गाठते आणि सगळे सांगते. तो नाते विचारत नाही, कचेरीकडे धावतो.

४.५५
पथकाला दिशा कळते. जवळच्या पाटावरून दूरच्या बांधापर्यंत पस्तीस मिनिटांची वाट. ढग सव्वीस मिनिटांवर.

५.२१
कण येऊन धडकतात. पथक अर्ध्या वाटेतून परतले आहे. धुळ्याची परतलेली नाही.

ताऱ्याचा उद्रेक कोणी अडवू शकत नाही. पण ४.१८ ते ४.५५ ही सदतीस मिनिटे ताऱ्याने घेतली नव्हती. ती रकान्याने घेतली.

आज जळगाव-धुळ्यातल्या अशा दोघींच्या हाती थोडे आले आहे. २०२४ साली केंद्र सरकारने स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले मानावे, आणि संयुक्त बँक खाते उघडायला व जोडीदाराला नामनिर्देशित करायला कोणतीही बंदी नाही. ज्यांना हे लागू आहे त्यांनी जोडीदाराचे नाव आजच नोंदवावे. पण पती-पत्नीला आपोआप मिळणारा वारसाहक्क आणि कुटुंब निवृत्तिवेतन त्यांना अजूनही नाही. तेवढ्यासाठी संसदेने कायदा केला पाहिजे, आणि तो मागणे हे त्या दोघींइतकेच आपलेही काम आहे. संकटात हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा त्याच्याबरोबर राहणाऱ्यालाच ठाऊक असतो. त्याचे नाव यादीत हवे, आणि ते संकट येण्याआधी हवे.