खेळातला मदरसा आणि सुलतानाचा वक्फ

‘सिव्हिलायझेशन ६’ (२०१६) या पाळीपाळीने खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये शहराच्या विद्याविभागात आधी ग्रंथालय, मग विद्यापीठ बांधतात. अरबांचा नेता सुलतान सलाहुद्दीन; त्याला विद्यापीठाच्या जागी मदरसा मिळतो. त्याचा खर्च मात्र दर पाळीला सरकारी खजिन्यातून जातो. खरा इतिहास इथेच निसटतो.

सलाहुद्दीनने ११८७ मध्ये जेरुसलेम जिंकले. पुढे तिथे सलाहिया मदरसा स्थापून त्याच्यासाठी मिळकती वक्फ केल्या. त्या उत्पन्नावर मदरसा चालायचा. ११९३ मध्ये सुलतान वारला; मदरसा चालूच राहिला.

इमारत कुणीही बांधेल. बांधणाऱ्याच्या माघारी ती चालावी, ही सोय वक्फने केली. आज वक्फ म्हटले की आपण जमिनीच्या वादावर बोलतो. त्या जमिनीच्या उत्पन्नातून किती मुले शिकतात, हेही विचारू या.