जुन्या गाडीचा एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी हे तपासा

घोटीत गाडीचा एसी उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त आठवतो. शेजारच्या इगतपुरीला वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. कसारा घाटात धुकं उतरलं की समोरची काच आतूनही धुरकट होते. एसी हवा थंड करताना तिच्यातला ओलावा काढून घेतो, म्हणून काच पटकन साफ होते. एसी बंद पडलेला असेल तर हवा काचेवर सोडा, बाहेरची हवा आत येऊ द्या, हीटर गरमवर ठेवा आणि खिडकी बोटभर उघडा. आतलीच हवा फिरवत राहिलात तर काच आणखी धुरकटते.

हे झालं वेळ मारून नेणं. दुरुस्तीला गेल्यावर मात्र बऱ्याचदा एकच वाक्य ऐकू येतं: "गॅस संपलाय, भरून टाकू." थोडं थांबा.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना केबिनमधली उष्णता शोषून घेतो. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सांध्यांमधून वर्षानुवर्षं थोडा गॅस झिरपतो, ते चालायचंच. पण भरलेला गॅस दोन-चार महिन्यांत गेला, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता पुन्हा भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आधी घरीच काय बघता येईल?

हवाच येत नसेल तर गॅसचा संबंध नाही. फ्यूज आणि ब्लोअर बघा. फक्त सर्वात जास्त वेगावरच हवा येत असेल तर बहुतेक वेळा ब्लोअरचा रेझिस्टर गेलेला असतो. हे काम तुलनेने स्वस्तातलं. घोटी ही भाताची आणि भात गिरण्यांची बाजारपेठ, तेव्हा उंदीर आलेच. उभ्या गाडीत ते वायरी कुरतडतात, ब्लोअरमध्ये घरही करतात.

हवा येते पण गार नाही? गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि दुसऱ्याला एसीचं बटण दाबायला सांगा. बहुतेक जुन्या गाड्यांत 'टक्' असा आवाज येऊन कॉम्प्रेसरच्या तोंडाची चकती फिरायला लागते. बाहेरची पुली पट्ट्यावर कायम फिरते, तिच्यावर जाऊ नका. हात आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवा. चकती फिरलीच नाही, तर फ्यूज, रिले, क्लचची कॉइल किंवा कमी गॅस, यांपैकी काहीही असू शकतं. गॅस फार कमी असला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही.

चालत्या गाडीत गार आणि टोलनाक्याच्या रांगेत गरम, असं होत असेल तर कंडेन्सरचा पंखा बंद असण्याची शक्यता मोठी. कंडेन्सरच्या जाळीत चिखल बसला तरी असंच होतं. सुरुवातीला छान गार आणि तासाभराने हवाच कमी झाली, तर कॉइलवर बर्फ धरतोय. घाट चढताना इंजिन तापलं की काही गाड्यांत एसी आपोआप बंद होतो. तिथे आधी रेडिएटर बघायचा. गाडीखाली पाणी ठिबकणं हा बिघाड नाही. तेच पाणी पायाशी आलं तर ड्रेन पाइप तुंबलाय.

पाइपच्या सांध्यांवर किंवा कंडेन्सरवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा. गॅसबरोबर आतलं तेलही बाहेर येतं, त्यामुळे गळतीची जागा बऱ्याचदा अशीच सापडते.

आता गॅरेज. नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासणार का, हे आधी विचारा. सांधा उघडला असेल तर ड्रायर बदलायला हवा, आपल्याकडच्या दमट हवेत तर नक्कीच. आत राहिलेला ओलावा कॉम्प्रेसर खराब करतो. मग व्हॅक्यूम. पंप थांबवल्यावर गेजचा काटा जागेवर राहतो का, ते स्वतः उभं राहून बघा. शेवटी गॅस वजनावर भरायचा. किती ग्रॅम, हे बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो.

गाडी फारच जुनी असेल तर आणखी एक अडचण. ओझोन थराला घातक असलेला आर-१२ गॅस नव्या गाड्यांच्या एसीत वापरायला भारतात १ जानेवारी २००३ पासून बंदी आहे. त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. दोन्हींची तेलं वेगळी आहेत, म्हणून जुन्या आर-१२ गाडीत नुसता नवा गॅस ढकलून चालत नाही; तेल, ड्रायर आणि रबरी सील बदलावे लागतात. स्वस्त पडतो म्हणून कोणी पेटणारा गॅस सुचवला तर सरळ नाही म्हणा. कूलिंग कॉइल फुटली तर तो थेट तुमच्या केबिनमध्ये येतो.