पुढच्या गाडीपासूनचे अंतर

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात उतरतो. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. कापसाच्या दिवसांत येथे मालमोटारी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून धावताना दिसतात.

दोन गाड्यांत अंतर किती असावे? १९८९ च्या मार्गनियमांनी एवढेच सांगितले, की पुढची गाडी एकाएकी थांबली तरी टक्कर होऊ नये इतके ‘पुरेसे’. पुरेसे म्हणजे किती, हे ज्याने त्याने नजरेने ठरवावयाचे. आणि नजर तर फसवी! ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढा रस्ता संपलेला असतो.

रेल्वेने हा प्रश्न पूर्वीच सोडविला. पण त्याची किंमत फार पडली. आरंभी एक गाडी सुटली, की ठराविक मिनिटांनी दुसरी सोडीत. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे रविवारच्या धर्मशिक्षणवर्गातील मुले सहलीस निघाली होती. चढणीवर इंजिन थकले. सोडविलेले डबे मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ. मी शिक्षक असल्यामुळे असेल, ही हकिगत मला एका दमात वाचवत नाही. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला: पुढचा टप्पा मोकळा झाल्यावाचून मागची गाडी सोडावयाची नाही. आपल्याकडील एकेरी मार्गांवर टोकनचा गोळा हाती आल्याखेरीज चालक गाडी हलवीत नसे.

रस्त्यावर असा गोळा कोण देणार? २०२१ साली नागपूर महापालिकेच्या बसगाड्यांत ‘आय-रास्ते’ प्रकल्पाने एक साधन बसविण्यास घेतले. पुढे तेलंगणात याच ४४ क्रमांकाच्या मार्गावरील काही बसगाड्यांतही ते आले. काचेमागील कॅमेरा पुढच्या वाहनाचे अंतर अजमावतो, त्याला आपल्या वेगाने भागतो आणि किती सेकंदांचा अवकाश उरला ते चालकास दाखवितो. तो फार घटला, की इशारा वाजतो. रेल्वेने टाकून दिलेले घड्याळच येथे परतले म्हणावयाचे! तथापि स्थानकातील त्या घड्याळाला पुढची गाडी कोठे आहे याची वार्ता नसे. हे मात्र क्षणोक्षणी पाहून मोजते.

हे साधन ब्रेक मात्र लावीत नाही. चालकाने मोकळी ठेवलेली जागा पाहून एखादा मोटारसायकलवाला मध्ये घुसतो, इशारा पुन्हा वाजतो, आणि चालकाला पाय पुन्हा उचलावा लागतो.