सुप्याची खते आणि सातबाऱ्यावरचे 'अ.पा.क.'

बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्याला 'नवंजुनं' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मार्चअखेर आली की सोसायटीचे जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे आणि लगोलग नवे उचलायचे. खाते थकबाकीतून सुटते, देणे जागच्या जागी राहते. या रीतीचा एक पूर्वज १८५९च्या मुदतीच्या कायद्यात सापडतो. सावकाराने वर्षानुवर्षे व्याज साचू द्यावे आणि मग कुणब्याला गाठावे, हे थांबवण्यासाठी सरकारने साध्या, नोंदणी नसलेल्या खतावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुणब्याच्या कळवळ्याचा होता. घडले उलटे. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी, आणि त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई. लिहिता न येणारा कुणबी अंगठा उठवी, नाहीतर निशाणी करी. तीन वर्षे कधी भरतात याचा हिशोब ठेवणारा माणूस एकच होता, आणि लेखणीही त्याच्याच हातात होती.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला जमाव सावकारांच्या दुकानांवर गेला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. जमावाने धान्य लुटले हे खरे, पण त्याची खरी मागणी वह्या आणि खते यांची होती, आणि हाती लागलेले कागद जाळले गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले, चौकशीसाठी आयोग बसला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. त्यातली एक तरतूद प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. शेतकऱ्याला दिलासा देण्यासाठी केलेल्या या कायद्याने सावकाराची मुदत वाढवली: साध्या खताला सहा वर्षे, नोंदणी केलेल्याला बारा. कारण आयोगाच्या चौकशीतून एक गोष्ट उघड झाली होती. आखूड मुदत दुबळ्याला वाचवते हे गृहीतक कागदावरचे होते. गावात ती मुदत ज्याला मोजता येते त्याच्याच कामी येत होती.

मुलांवरच्या अत्याचाराच्या खटल्यांना मुदत किती असावी, हा प्रश्न या इतिहासातून पाहिला तर वेगळा दिसतो. आपल्याकडे गुन्ह्याला सर्वसाधारण मुदत ही फार जुनी गोष्ट नाही. १८९८च्या फौजदारी संहितेत ती नव्हती. १९७३च्या संहितेत, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून, ती आली. कलम ४६८ प्रमाणे नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, वर्षभरापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला तीन वर्षे. त्याहून मोठ्या गुन्ह्यांना मुदत नाही, म्हणून बलात्काराला ती कधीच आड आली नाही. पण विनयभंगाची कमाल शिक्षा २०१३पर्यंत दोनच वर्षे होती. म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 'पॉक्सो' कायदा लागू होण्याआधी आठ वर्षांच्या मुलीशी कुणी लगट केली, आणि तेवढेच कलम लागले, तर ती अकरा वर्षांची होताच प्रकरण मुदतबाह्य. मुलग्याला तर विनयभंगाचे कलमच नव्हते. बरेचदा उरे ती साधी मारहाण, मुदत एक वर्ष. २०१५च्या बालन्याय कायद्यात बालगृहातल्या शारीरिक शिक्षेला पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड आहे. दंडच असल्यामुळे मुदत सहा महिने. ज्याने मारले त्याच्याच छपराखाली मूल तेवढे दिवस काढत असते, हे मुदत लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही.

दिवाणी कायद्याला मात्र मूल चांगले ओळखता येते. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नोंदीत 'अ.पा.क.' ही अक्षरे असतात: अज्ञान पालनकर्ता. १९६३च्या मुदत कायद्याचे सहावे कलम सांगते की अज्ञानाच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजावी. हे तत्त्व १८५९च्या कायद्यातही होते. बांधावरच्या अर्ध्या एकरासाठी कायदा मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत थांबतो, त्याच्या अंगावर उठलेल्या हातासाठी थांबत नाही. फौजदारी मुदतीतून कोणता काळ वगळावा याची यादी संहितेत आहे. आरोपी देशाबाहेर असला किंवा फरार झाला तर तो काळ वगळतात. फिर्यादीचे बालपण त्या यादीत नाही. २०२३च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने कलमांचे आकडे बदलले, ४६८चे ५१४ झाले. ही उणीव तशीच राहिली.

यावर पहिला आक्षेप असा की विलंब माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहेच. आहे, पण तो न्यायाधीशाच्या मर्जीवर चालतो, आणि मर्जीचा दिलासा त्यालाच मिळतो ज्याला वकील आणि तारखा परवडतात. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वीस वर्षांनी साक्षीदार मेलेले असतात, हजेरीपट सापडत नाहीत, निर्दोष माणसालाही आपण त्या दिवशी कुठे होतो हे दाखवता येत नाही. हे टाळता येणार नाही. मात्र मुदत वाढवणे म्हणजे पुराव्याची पायरी खाली आणणे नव्हे, आणि या दोन गोष्टी कुणी एकत्र आणू पाहत असेल तर त्याला विरोधच करावा. १८७९च्या कायद्याने मुदत वाढवली तेव्हाच न्यायाधीशाला बजावले होते की समोरच्या खतावर विसंबू नका, व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासा. लांब मुदतीची किंमत कसून तपासणीने चुकवायची, असा तो सौदा होता, आणि मला तो आजही रास्त वाटतो.

तिसरा मुद्दा संपलेली मुदत पुन्हा जिवंत करण्याचा. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली पाच विरुद्ध चार मतांनी तो फौजदारी खटल्यांपुरता रद्द केला. राज्याने एकदा 'सुटलास' म्हटल्यावर पुन्हा धरू नये, हे बहुमताचे म्हणणे मला पटते, जरी त्यामुळे आधीच मुदतबाह्य झालेल्यांना हात हलवत परतावे लागते. न्यूयॉर्कने २०१९ साली फौजदारी मुदतीची मोजणी अठराऐवजी तेविसाव्या वर्षापासून सुरू केली. हा पुढच्यांसाठीचा मार्ग अधिक स्वच्छ आहे.

आपल्याकडे २०१८ साली केंद्र सरकारने विधी मंत्रालयाच्या सल्ल्यावरून जाहीर केले की 'पॉक्सो'खालच्या तक्रारीला मुदत नाही. चांगलेच झाले. पण तो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासूनचा, मागच्या काळाला लागू नाही, आणि लैंगिक नसलेली मारहाण त्यात येतच नाही. तिच्यासाठी मोजणी अठराव्या वर्षापासून सुरू केली तरी पुष्कळ काम होईल. लैंगिक अत्याचाराला तेवढे पुरणार नाही: ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगापुढे २०१७पर्यंत बोललेल्या पीडितांना पहिल्यांदा तोंड उघडायला सरासरी २३.९ वर्षे लागली होती.

माणूस पाहून मुदत ठरवण्याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमाबंदी बसवली तेव्हा सारा तीस वर्षे वाढणार नाही अशी हमी दिली, कारण जमिनीत घातलेल्या कष्टाचे आणि पैशाचे फळ खायला शेतकऱ्याला लांब मुदत लागते असे त्यांनी धरले होते.